खुणा कुणी लावल्या, खुणा कुणी घडवल्या

मुंबईच्या कुठल्याही नाक्यावर चार मुलखांतली माणसं उभी करा आणि त्यांना फक्त 'का?' एवढंच विचारायला सांगा. नागपूरकडचा म्हणेल 'काहून?', परभणीकडचा 'कामून?', साताऱ्याकडचा 'का म्हून?' आणि मालवणकडचा 'कित्याक?'. पत्ता पुसायची गरजच न्हाई. 'मी जेवलो' म्हणणारी बाई कोल्हापूरकडची, 'जाऊन राहिला ना बे' म्हणणारा पोरगा विदर्भाचा. ताटाचंही तसंच. कळण्याची भाकर नि भरीत निघालं की खानदेश, शेंगाचटणी नि कडक भाकर निघाली की सोलापूर, सुकट नि तांदळाची भाकरी निघाली की कोकण. परमुलखात असा गाववाला भेटला की जीव हरखतो.

पण मित्रांनो, हा आनंद सगळ्यांच्या वाट्याला सारखा आलेला नाही. 'कुठले तुम्ही?' या प्रश्नाच्या पोटात आपल्यासाठी दुसरा प्रश्न दबा धरून बसलेला असतो: गावातले, की गावाबाहेरचे? आपल्या माणसाला बोलीवरून नि भाकरीवरून जिल्हा ओळखून सोडलं जात नाही. पुढं वाडा शोधला जातो. म्हणून आपण या खुणांचा इतिहास नीट तपासला पाहिजे.

काही खुणा आपल्यावर हुकमानं लादल्या गेल्या. सगळ्या गावानं एकमेकाला 'रामराम' करायचा आणि महारानं मात्र वाकून 'जोहार मायबाप' म्हणायचं. वेसकराच्या हातात घुंगुरकाठी, म्हणजे माणूस दिसायच्या आधी त्याची जात ऐकू यावी. नावंसुद्धा सुटली नाहीत. भीमा-कोरेगावचा स्तंभ बघून या. १८१८ च्या लढाईत पडलेल्या आपल्या शिपायांची नावं तिथं कोरलीत, आणि ती 'नाक' या शेवटावरून आजही ओळखता येतात. मेलेलं ढोर ओढणं हे गावकीचं काम आणि त्याचं मांस हा त्याचा मोबदला. भाकरीचे शिळे तुकडे दारोदार मागायचे, त्यालाही 'हक्क' म्हणायचं! गुलामीला हक्काचं नाव देणारी ही भाषा कुणाची होती, हे सांगायला नको.

या खुणांवर मोठा जाहीर घाव पडला तो महाडात. मार्च १९२७ च्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्या तुकड्यांवर जगणं सोडा, असं बजावलं. त्याच वर्षी डिसेंबरात, मनुस्मृती जाळल्यावर, त्यांनी आपल्या आयाबायांना वेगळं सांगितलं. लुगडं नेसायची रीत, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंतचे गोट-पाटल्या, ज्या ज्या खुणेवरून तुम्ही अस्पृश्य म्हणून ओळखू येता, ती ती टाकून द्या. हा काही नटण्या-मुरडण्याचा उपदेश नव्हता. शत्रूनं अंगावर मारलेला शिक्का पुसण्याचा तो कार्यक्रम होता. पुढं 'जोहार' गेला आणि 'जयभीम' आला. कामठीचे बाबू हरदास यांचं नाव या जयभीमशी कायमचं जोडलेलं आहे. वाकून म्हणायच्या शब्दाच्या जागी ताठ मानेनं म्हणायचा शब्द आला. एका शब्दात केवढी क्रांती!

महाडात बाबासाहेबांनी उच्चार सुधारायलाही सांगितलं होतं. ते टाळून चालणार नाही. कोर्टकचेरीत तोंड उघडताच ज्याला हसून घालवतात, त्याला हत्यार द्यायचं होतं. 'मूकनायक' (१९२०) आणि 'बहिष्कृत भारत' (१९२७) यांतली त्यांची मराठी बघा. प्रमाणभाषा त्यांनी शत्रूच्या कोठारातल्या बंदुकीसारखी हाती घेतली नि चालवली. पण बंदूक हाती आली म्हणून आईच्या बोलीला कुणी अशुद्ध ठरवत नाही. आणि आज आपली शिकलेली पोरं नेमकं तेच करतायत. आई 'पानी' म्हणाली की पाहुण्यांसमोर लेकाची मान खाली.

म्हणून ही 'शुद्ध' मराठी कुठून आली तेही समजून घ्या. मोल्सवर्थचा कोश १८३१ चा, दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ चं. इंग्रजी अमलात शाळा आल्या, क्रमिक पुस्तकं आली, आणि पुण्याकडच्या शिकलेल्या वर्गाची बोली सगळ्या महाराष्ट्राची मोजपट्टी झाली. बाकीच्या बोली एका रात्रीत 'गावंढळ' ठरल्या. त्या मोजपट्टीचा न्याय बघा. हिंदीवाला 'पानी' म्हणतो ते चालतं. ज्या संस्कृताचा एवढा डौल, त्यातला मूळ शब्द 'पानीय'. त्यातही 'न'च हाय! फक्त आपली आई 'पानी' म्हणाली की अशुद्ध. तेव्हा हा भांडणाचा मुद्दा 'न' आणि 'ण' चा नाही. बोलतंय कोण, त्याचा आहे.

या मोजपट्टीला आपल्या लेखकांनी उत्तर दिलं. बाबुराव बागुलांच्या १९६३ च्या कथासंग्रहाचं नावच 'जेव्हा मी जात चोरली होती'. जात लपवल्याशिवाय राहायला खोली मिळत नाही, ही त्या नावामागची कथा. नऊ वर्षांनी, १९७२ साली, नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला आणि लपवायचं सगळं त्यांनी चव्हाट्यावर आणलं. त्यातल्या कितीतरी शब्दांपुढं प्रस्तावनाकार विजय तेंडुलकर अडले. मराठीच्या मोठ्या नाटककाराला मराठी कळेना! १९७८ साली दया पवारांनी 'बलुतं' लिहिलं. १९८६ साली शांताबाई कांबळे यांनी आपल्या आत्मकथेचं नाव छापलं 'माज्या जल्माची चित्तरकथा'. त्या शिक्षिका होत्या. 'माझ्या जन्माची' कसं लिहितात हे त्यांना ठाऊक नव्हतं, असं कुणाला म्हणायचंय?

बोलीनं मान वर केली. ताट मात्र लई दिवस झाकलेलंच राहिलं. पुरणपोळीवर पुस्तकांमागून पुस्तकं. पण चान्या, वजडी, मुंडी, रक्ती यांचा उल्लेखसुद्धा नाही. मांस एकदम पुष्कळ हाती यायचं नि पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसायचा. म्हणून आमच्या बायांनी त्याच्या लांब पट्ट्या कापल्या, दोरीवर उन्हात वाळवल्या, नि त्या चान्या पुढच्या उपाशी दिवसांसाठी राखून ठेवल्या. निखाऱ्यावर भाजून भाकरीसंगं खायच्या, नाहीतर कालवण करायचं. तेल-तूप कुठनं आणायचं? चरबीवर भागवायचं. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं हे ताट पुस्तकात आणलं. त्याच साली महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही कायद्यानं बंदी आली. एका हातानं नोंद झाली, दुसऱ्या हातानं ताट ओढलं गेलं.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी सोडायला लावलं त्याचे गोडवे कशाला गाता? गोडवे नाहीतच. मेलेलं ढोर ओढायची सक्ती नि त्याच्या मांसावर जगायची लाचारी, ती गेली ते बरंच झालं. पण लाचारी लादणारे ते होते, आणि त्या लाचारीत लेकरं जगवायची अक्कल आपल्या आज्यांची होती. यात गल्लत करू नका. जोहार त्यांचा, घुंगुरकाठी त्यांची, त्या खुणा जाळून टाका. पण 'काहून' नि 'कामून' आपले, चान्या वाळवायची रीत आपली, जात्यावरच्या ओव्या आपल्या. त्यांची लाज धरायची नाही.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, एक काम हाती घ्या. पुढच्या शिबिराला जाताना दोन आण्याची असो की वीस रुपयांची, एक वही संगं न्या. वस्तीतल्या सत्तरीच्या म्हाताऱ्यांपाशी बसा. त्या कशाला काय म्हणत, काय शिजवत, कसं राखत, दुष्काळात कशावर दिवस काढत, ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. तालुका लिहा, वस्ती लिहा. 'पानी' म्हणाल्या तर 'पानी'च लिहा. दुरुस्ती करायला आजवर पुष्कळ मास्तर येऊन गेले. लिहून घ्यायला कुनीच आलं न्हाई.