दहा सेंटची वर्गणी, पंचवीस हजारांची देणगी

१/ जून १९११. न्यूयॉर्कमधील एका पक्षिसंरक्षण संस्थेपुढे दरवर्षी २५,००० डॉलरची देणगी ठेवण्यात आली. देणगीदार होते बंदुकांचे कारखानदार. त्याच वेळी अमेरिकेतील शाळकरी मुले प्रत्येकी दहा सेंट वर्गणी भरून या संस्थेच्या पक्षी-वर्गांत दाखल होत होती. निसर्गशिक्षणाचा खर्च कोणी करावा, या प्रश्नाने या संस्थेला दोन वेळा मुळापासून हादरवले. आजचा धागा त्याविषयी.

२/ प्रथम पार्श्वभूमी. १८८६ मध्ये फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोनदा फेरफटका मारून स्त्रियांच्या टोप्या मोजल्या. ७०० पैकी ५४२ टोप्यांवर पिसे किंवा आख्खे पक्षी होते. बगळ्यांचे शोभिवंत तुरे विणीच्या हंगामात फुलतात. शिकारी नेमके तेव्हाच वसाहतींवर तुटून पडत आणि मागे राहिलेली पिले उपासमारीने मरत. हा व्यापार जगभर पसरलेला होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारने १९०२ मध्ये पक्ष्यांची कातडी व पिसे यांच्या निर्यातीवर बंदी घातली, ती याच व्यापाराच्या संदर्भात.

३/ त्याच १८८६ साली जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने आपल्या ‘फॉरेस्ट अँड स्ट्रीम’ नियतकालिकातून पहिली ऑड्युबॉन सोसायटी स्थापन केली. पक्ष्यांना इजा न करण्याची प्रतिज्ञा करणारा कोणीही सभासद होऊ शकत असे, वर्गणी नव्हती. वर्षभरात हजारोंनी नावे नोंदवली. मात्र छपाई, टपाल आणि पत्रव्यवहार यांचा भार एका नियतकालिकाला किती दिवस पेलणार? १८८९ च्या सुमारास संस्था बंद पडली. उत्साह मुबलक होता, तिजोरी रिकामी होती.

४/ १८९६ मध्ये बॉस्टनच्या हॅरिएट हेमेनवे आणि मिना हॉल यांनी ही चळवळ नव्याने उभी केली. राज्याराज्यांत संस्था निघाल्या आणि १९०५ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना नोंदवली गेली. कायदे होऊ लागले, पहारेकरी नेमले गेले. त्याच वर्षी ८ जुलै रोजी फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाला गाय ब्रॅडली हा पहारेकरी पक्ष्यांची कत्तल रोखताना गोळी लागून मृत्युमुखी पडला. त्याच्या खुनाबद्दल कोणालाही शिक्षा झाली नाही.

५/ या घटनेचा अर्थ कार्यकर्त्यांना उमगला. ज्या समाजाला कायदा आपला वाटत नाही, तिथे पंचही आरोपीला सोडून देतात. संघटनेचे सचिव टी. गिल्बर्ट पिअर्सन हे मूळचे शिक्षक. दक्षिणेकडील नॉर्थ कॅरोलायनात त्यांनी वर्गांत शिकवले होते. प्रौढांची सवय मोडण्यापेक्षा मुलांची नजर घडवणे अधिक टिकाऊ, ही त्यांची धारणा होती. परंतु मुलांची नजर घडवायला पत्रके लागतात, आणि पत्रकांना पैसा.

६/ पहिला मोठा आधार मिळाला १९१० मध्ये. धनाढ्य विधवा मार्गारेट ऑलिव्हिया सेज दक्षिणेकडील राज्यांत होणाऱ्या रॉबिन पक्ष्यांच्या शिकारीने व्यथित होत्या. तेथील शाळांत पक्षिशिक्षण सुरू करण्यासाठी त्यांनी देणगी दिली. यातून ‘ज्युनिअर ऑड्युबॉन’ वर्ग जन्मले. प्रत्येक मुलाने दहा सेंट द्यायचे. त्या बदल्यात त्याला पक्ष्यांची रंगीत चित्रे, माहितीपत्रके, रंगवण्यासाठी रेखाचित्रे आणि कोटावर लावायचा बिल्ला मिळे. खर्च वर्गणीहून अधिक येई. उरलेली रक्कम देणग्यांतून भागवली जाई.

७/ या योजनेतील बारकावा लक्षात घेण्यासारखा आहे. ग्रिनेल यांच्या सभासदत्वाला काहीच मोल पडत नव्हते. इथे मूल स्वतःचे नाणे देत होते. त्या नाण्याने संस्था चालणार नव्हती. मात्र ते दिल्यावर बिल्ला दान म्हणून मिळालेला नसे, तो मुलाचा स्वतःचा असे. पुढील काळात लाखो मुले या वर्गांतून गेली.

८/ आता पुन्हा जून १९११. विन्चेस्टर आणि इतर बंदूक कारखानदारांची गणिते सरळ होती. बदके, रानपक्षी कमी झाले तर शिकार थांबेल. शिकार थांबली तर बंदुका आणि काडतुसे कोण विकत घेणार? म्हणून शिकारयोग्य पक्ष्यांच्या रक्षणाला पैसा द्यायचा. संघटनेचे उत्पन्न त्यामुळे भरघोस वाढणार होते, पिअर्सन यांचे वेतनही. पिअर्सन अनुकूल होते. संचालक मंडळाने देणगी स्वीकारली.

९/ पिअर्सन यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. पहारेकरी हवे होते, शाळांकडून पत्रकांची मागणी वाढत होती. पैसा कोणाचा यापेक्षा तो कशावर खर्च होतो हे पाहावे, असे म्हणता येत होते. पण याच काळात एकामागून एक गोळ्या झाडणाऱ्या नव्या बंदुकांवर बंदी घालावी अशी मागणी जोर धरत होती. कारखानदारांच्या पैशावर उभी असलेली संस्था या मागणीवर काय बोलणार? आणि तिच्या पत्रकांत मुलांना काय शिकवणार?

१०/ सभासद आणि वृत्तपत्रे यांनी टीकेची झोड उठवली. अवघ्या दोन आठवड्यांत मंडळाला निर्णय फिरवावा लागला. देणगी परत गेली. कारखानदार थांबले नाहीत. त्याच वर्षी त्यांच्या पैशातून शिकारी पक्षी-प्राण्यांच्या संरक्षणासाठी वेगळी राष्ट्रीय संघटना उभी राहिली आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्यासाठी तिने पुढे प्रत्यक्ष कामही केले. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो: नाकारलेला पैसा दुसऱ्या दाराने उपयोगी पडला, आणि नकार देणाऱ्यांचे म्हणणेही खोटे ठरले नाही.

११/ ते म्हणणे किती खरे होते, हे पुढच्या पिढीने पाहिले. १९२४ मध्ये संघटनेला लुइझियानातील सुमारे २६,००० एकरांची पाणथळ जमीन अभयारण्य म्हणून दान मिळाली. तिथे पक्षी सुरक्षित होते. मात्र मस्करॅट नावाचे लहान केसाळ प्राणी सापळ्यांत पकडून त्यांची कातडी विकली जात होती आणि त्याचे उत्पन्न संघटनेला मिळत होते. बहुतेक सभासदांना याची कल्पनाच नव्हती.

१२/ ऑक्टोबर १९२९ मध्ये वार्षिक सभेत रोझाली एज नावाची एक सभासद उभी राहिली आणि तिने अवघड प्रश्न विचारायला सुरुवात केली. पुढे सापळ्यांचे प्रकरण तिने पत्रके छापून चव्हाट्यावर आणले. सभासदांचे पत्ते मिळवण्यासाठी ती न्यायालयात गेली आणि जिंकली. १९३४ मध्ये पिअर्सन पायउतार झाले. ज्यांनी लाखो मुलांच्या हाती पक्ष्यांची चित्रे दिली, त्यांची कारकीर्द पैशाच्याच प्रश्नावर मावळली. दोन्ही गोष्टी त्यांच्या नावावर नोंदवाव्या लागतात.

१३/ त्याच १९३४ साली एज यांनी पेनसिल्व्हेनियातील एक डोंगर भाडेपट्ट्याने घेतला. तिथे शरद ऋतूत स्थलांतर करणारे ससाणे आणि गरुड केवळ मौजेखातर गोळ्यांनी टिपले जात. मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी अर्मा तिथे राहिले. बंदूक घेऊन आलेल्यांना ते माघारी पाठवत आणि पाहायला आलेल्यांना पक्षी ओळखायला शिकवत. आज तो डोंगर ‘हॉक माउंटन’ म्हणून प्रसिद्ध आहे. तिथल्या वर्षानुवर्षांच्या मोजणीचा आधार रेचल कार्सन यांनी १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’मध्ये घेतला.

१४/ आणि दहा सेंटचे काय झाले? न्यूयॉर्क राज्यातील जेम्सटाउन गावात सातवीच्या एका शिक्षिकेने आपल्या वर्गाला ज्युनिअर ऑड्युबॉनमध्ये नोंदवले. त्या वर्गात रॉजर टोरी पीटरसन नावाचा मुलगा होता. १९३४ मध्ये त्याने लिहिलेले आणि चितारलेले पक्षी ओळखण्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. दोन हजारांची पहिली आवृत्ती पाहता पाहता संपली. दुर्बीण आणि खिशातले पुस्तक घेऊन निघणारा सामान्य पक्षिनिरीक्षक घडवण्यात या पुस्तकाचा वाटा फार मोठा आहे. पुढे पीटरसन याच संघटनेत रुजू झाला आणि लहानपणी आपल्या हाती पडलेली ती पत्रके त्याने मुलांसाठी नव्याने लिहिली.

१५/ या इतिहासातून ‘मोठी देणगी वाईट, छोटी वर्गणी चांगली’ असा सोपा निष्कर्ष निघत नाही. श्रीमती सेज यांच्या पैशाविना दहा सेंटची योजना उभीच राहिली नसती. फरक वेगळ्या ठिकाणी होता. सेज यांना रॉबिन वाचवायचे होते, आणि मुलांना शिकवायचेही तेच होते. कारखानदारांचे हित आणि धड्यातील मजकूर मात्र कधी ना कधी एकमेकांसमोर उभे ठाकणार होते. ती वेळ आल्यावर मजकूर बदलेल की देणगी परत जाईल, हे ठरवण्याचे बळ १९११ मध्ये सभासदांकडे होते, कारण संस्था त्यांच्याही वर्गणीवर चालत होती.

१६/ म्हणून वन्यजीव-शिक्षणाचे एखादे देखणे पत्रक हाती आले, की चित्रे जरूर पाहावीत. मग तळाशी छापलेले देणगीदाराचे नाव वाचावे, आणि त्या पत्रकात कोणत्या गोष्टीचा उल्लेख नाही, हेही शोधावे.

(धागा समाप्त)