ड्राइव्ह सायकल (वाहन निदान)

ड्राइव्ह सायकल किंवा चालनचक्र म्हणजे मोटारीतील उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणेची स्वयंतपासणी पूर्ण व्हावी, यासाठी विशिष्ट परिस्थितींत वाहन चालविण्याची पद्धत होय. वाहनांच्या प्रमाणीकरणासाठी प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या चाचणीक्रमालाही हेच नाव आहे. प्रस्तुत लेखात पहिला अर्थ अभिप्रेत आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलांपासून नव्या मोटारींना 'ओबीडी-२' ही निदानप्रणाली अनिवार्य झाली. या प्रणालीत इंजिनाचा नियंत्रक संगणक प्रदूषण रोखणाऱ्या भागांच्या चाचण्या स्वतःच घेतो. अशा प्रत्येक चाचणीस 'मॉनिटर' म्हणतात. चाचणी पूर्ण झाली की तो मॉनिटर 'सज्ज' असल्याची नोंद होते. स्कॅनरने बिघाडाचे संकेतांक पुसल्यास, तसेच अनेक वाहनांत बॅटरीची जोडणी काढल्यास, ही नोंदही पुसली जाते. 'सज्ज नाही' याचा अर्थ बिघाड आहे असा नसून चाचणी अद्याप झालेली नाही, एवढाच होतो.

मॉनिटरांचे प्रकार

सिलिंडरमधील ज्वलन चुकणे (मिसफायर), इंधनपुरवठा व विद्युत घटक यांवर इंजिन चालू असताना सतत देखरेख असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, इंधनबाष्प-नियंत्रण इत्यादींची चाचणी मात्र अनुकूल परिस्थिती लाभल्यासच होते.

सर्वसाधारण क्रम

नेमका क्रम उत्पादक व मॉडेलनुसार बदलतो. तो सेवापुस्तिकेत दिलेला असतो. सामान्यतः टाकीत सुमारे पाव ते पाऊण इंधन ठेवून वाहन रात्रभर उभे करतात, कारण इंधनबाष्पाच्या चाचणीसाठी इंजिन थंड असावे लागते. सकाळी इंजिन सुरू करून काही वेळ जागेवरच चालू ठेवतात. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर काही मिनिटे एकसमान वेगाने वाहन चालवितात. या काळात कन्व्हर्टर तापतो आणि त्याची कार्यक्षमता तपासता येते. पुढे ब्रेक न दाबता वेग हळूहळू उतरू देतात व शेवटी थांबत-थांबत शहरी वाहतुकीत वाहन चालवितात. वेगमर्यादेचे पालन अर्थातच आवश्यक असते. अनेकदा काही दिवसांच्या नेहमीच्या वापरातही सर्व मॉनिटर सज्ज होतात.

उत्सर्जन तपासणीतील महत्त्व

तपासणीच्या तोंडावर संकेतांक पुसून इशारादिवा विझविता येतो. ही पळवाट बंद व्हावी म्हणून अमेरिकेतील तपासणी केंद्रे सज्जतेची नोंद पाहतात. केंद्रीय पर्यावरण संरक्षण संस्थेच्या मार्गदर्शनानुसार पेट्रोलवरील १९९६ ते २००० च्या मॉडेलांत दोन, तर २००१ पासूनच्या मॉडेलांत एकच मॉनिटर अपूर्ण चालतो. कॅलिफोर्नियात २००० व त्यापुढील पेट्रोल मॉडेलांना केवळ इंधनबाष्पाच्या मॉनिटरची सवलत आहे. अपूर्ण मॉनिटर याहून अधिक असल्यास वाहन उत्तीर्ण होत नाही.

चालनचक्र हा दुरुस्तीला पर्याय नव्हे. दोष कायम असेल, तर चाचण्या पूर्ण होताना इशारादिवा पुन्हा लागतो. बहुतेक दोषांबाबत तो सलग दोन फेऱ्यांत आढळल्यावरच दिवा लागतो. त्यामुळे पहिल्या फेरीनंतर दिवा न दिसणे हा दुरुस्ती झाल्याचा निर्णायक पुरावा ठरत नाही.

भारतातील स्थिती

भारतात १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांतही वाहनांतर्गत निदानप्रणालीचा समावेश आहे. 'पीयूसी' तपासणी मात्र धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या व धुराच्या मापनावर आधारलेली आहे. म्हणून येथे चालनचक्राचा उपयोग मुख्यत्वे दुरुस्तीनंतरच्या खातरजमेसाठी होतो.