दुपारी मुंबई का लागत नसे

तळोद्यात आमच्या धाब्यावर दोन बांबूंमध्ये जाळीची एरियल ताणलेली होती. रेडिओचं लायसन पोस्टात भरावं लागे. दुपारी मीडियम वेव्हवर मुंबई लावली की नुसती खरखर. दिवेलागण झाली की तीच मुंबई ओट्यावर येऊन बोलू लागे. बुधवारी रात्री सिलोनची गीतमाला, म्हणजे ओट्यावर बसायला जागा नाही. बापू कारण सांगत, "रातले हवा थंडी व्हस, म्हनीसन आवाज दूर जास."

पुढे मी शाळेत विज्ञान शिकवू लागलो, तेव्हा खरं कारण कळलं. साठ ते नव्वद किलोमीटर उंचीवर ऊन हवेतून इलेक्ट्रॉन सुटे करतं. ते दाट हवेत धडका खातात आणि लहरींची ऊर्जा तिथेच जिरते. रात्री हा थर विरतो. लहरी आणखी वर जाऊन परततात.

वरच्या हवेचा अभ्यास कलकत्त्यात शिशिरकुमार मित्र 1930पासून करत होते. त्यांचा जाडजूड ग्रंथ 1947 साली आला. त्याआधी, 1945 साली, बेल्जियमच्या मार्सेल निकोले यांनी मांडलं होतं, की या थरातले इलेक्ट्रॉन नायट्रिक ऑक्साइडमधून सुटतात, सूर्याच्या 121.6 नॅनोमीटरच्या किरणांनी.

मला मोह पडला तो 1968च्या कल्पनेचा. ओझोन उन्हात फुटला की ऑक्सिजनचा उत्तेजित रेणू निघतो. साध्या ऑक्सिजनचं आयन करायला 102.7 नॅनोमीटर किंवा त्याहून आखूड लहर लागते. उत्तेजित रेणू मात्र आधीच एक पायरी चढलेला, त्याला 111.8 पुरते, आणि या दोन आकड्यांमधले काही किरण हवेतून खोलवर उतरतात. हंटन आणि मॅकेल्रॉय यांनी हे दाखवलं. तीनच वर्षांत कळलं, की वाटेतला कार्बन डायऑक्साइड त्यातले बरेच किरण गिळतो. हिशेब खाली आला, नायट्रिक ऑक्साइडचा मान टिकला. तरी मला ती कल्पना आवडते. एरवी एकटा राहिला तर हा रेणू तासाभराहून अधिक काळ तसाच असतो. ओटा भरू लागे त्या वेळी वर हे रेणू 1.27 मायक्रॉनच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडात निवत असत.

मी बापूंना हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यांनी बटण फिरवत ऐकलं.

"म्हन्जे हवाच ना!"