खातव्यवहार : लीलावती ते संगणक

पावसाळा सरला की आमच्या अँटॉप हिलच्या रस्त्यांवर चर खणले जातात. कधी पाण्याच्या नळासाठी, कधी केबलसाठी. आपण नाक मुरडून बाजूने जातो. पण त्या चरातून माती किती निघाली हे ठरवायचे कसे, हा प्रश्न फार जुना आहे बरं का!

आज हे काम संगणकावर होते. 'सिव्हिल थ्रीडी'सारख्या प्रणालीत चराची मध्यरेषा आखायची, तळाची खोली ठरवायची आणि चराचा आडवा छेद काढून द्यायचा. तळ किती रुंद, बाजू किती उतरत्या, एवढेच. प्रणाली तो छेद रेषेवरून पुढे नेते आणि बाजू मूळ जमिनीला जिथे भिडतील तिथे चराचा काठ धरते. या लांबट आकृतीला 'कॉरिडॉर' म्हणतात. मग ठरावीक अंतरावरच्या छेदांवरून मातीचे घनफळ निघते.

मंडळी, हे गणित आपल्याला नवे नाही. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. 1150) 'खातव्यवहार' हे प्रकरणच आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. त्यातले एक उदाहरण पाहा. खड्डा वर 12 हात लांब, 10 हात रुंद. तळाशी दोन्ही मापे निम्मी. खोली 7 हात. माती किती?

वरच्या आणि तळाच्या क्षेत्रफळांची, म्हणजे 120 आणि 30 यांची सरासरी घेतली तर उत्तर येते 525 घनहात. लांबी-रुंदीचीच सरासरी घेतली (9 आणि साडेसात) तर 472.5. दोन्ही चूक! आचार्य सांगतात : वरचे क्षेत्रफळ, तळाचे क्षेत्रफळ आणि दोन्हीकडच्या मापांच्या बेरजेचे क्षेत्रफळ (18 गुणिले 15, म्हणजे 270) मिळवा, सहाने भागा, खोलीने गुणा. उत्तर 490. आजचे अभियंते प्रिझमॉइडल सूत्र म्हणतात ते हेच. संगणकातही ही रीत आणि क्षेत्रफळांच्या सरासरीची रीत, दोन्ही असतात. निवड माणसाने करायची.

आता या आकड्यांकडे खणणाऱ्याच्या नजरेने पाहा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना 1972 च्या दुष्काळात राज्यभर पोचली, 1979 पासून तिला कायद्याचा आधार मिळाला. तिथे खोदकामाची मजुरी मोजलेल्या मातीवर ठरे. मध्ये मातीचे खांब न खणता ठेवत. मूळ जमीन किती उंच होती याचा तोच पुरावा. अशा कामावर 490 ऐवजी 472.5 लिहिले, तर साडेसतरा घनहातांचा घाम फुकट. 525 लिहिले, तर सरकारी तिजोरीला खार.

संगणक चुकत नाही म्हणतात. खरे आहे, पण मूळ जमिनीची उंची त्याला कुणीतरी सांगावी लागते आणि रीत कुणीतरी निवडावी लागते. म्हणून तो हिशोब कुदळ धरणाऱ्यालाही समजेल अशा भाषेत दाखवला पाहिजे. आचार्यांनी तो श्लोकात बांधून पाठ करण्याजोगा केला होता. आपल्याला निदान फळ्यावर मांडायला काय हरकत आहे?