मुकादम, ओव्हरसियर आणि पदवीधर

गावात शाळेची नवी खोली बांधायची ठरली की पहिला प्रश्न निघतो पैशाचा. दुसरा निघतो गवंड्याचा. तिसरा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. तो असा, की हे काम चालवणार कोण? दगड कोण फोडणार हे ठरते, भिंत कोण रचणार हेही ठरते. पण वाळू वेळेवर आली की नाही, हजेरी कोणी मांडली, बाजारच्या दिवशी मजुरी कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली, याची काळजी वाहणारा माणूस आपण गृहीत धरतो. तो असला तर दिसत नाही, नसला म्हणजे दिसतो. अशा माणसाला पदवीनंतर पुन्हा शिकवून तयार करावे, ही कल्पना आपल्याकडे कशी आली, ते आज सांगणार आहे.

त्यासाठी तुम्हांला बोरघाटात यावे लागेल. कर्जतकडून लोणावळ्याकडे आगगाडी चढवण्याचे काम 1856 साली सुरू झाले. सुमारे 15 मैलांच्या वाटेत 1,831 फूट चढ होता, आणि त्यासाठी 25 बोगदे खोदावे लागले. 1861च्या जानेवारीत या एका घाटात 42,000 माणसे राबत होती. 42,000 म्हणजे त्या काळचे चांगले मोठे शहरच! त्यांना पाणी हवे, धान्य हवे, निवारा हवा. पाऊस सुरू झाला की बरेचजण आपापल्या शेताकडे पांगत, आणि दिवाळीनंतर त्यांना पुन्हा गोळा करावे लागे. सुरुंग कसा ठासायचा हे जाणणारी माणसे होती, पूल कसा आखायचा हे जाणणारी होती. एवढी माणसे सांभाळायची कशी, हे मात्र कोणत्याच पुस्तकात नव्हते.

पहिला कंत्राटदार विल्यम फेव्हिएल. त्याने पोटकंत्राटदार नेमले, त्यांनी मुकादम नेमले, मुकादमांनी टोळ्या आणल्या. वरून निघालेला रुपया खाली पोचेपर्यंत त्याचे किती आणे उरत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा. मजुरी थकली, कमी मिळाली, आणि 1859च्या जानेवारीत मजुरांचा संताप उसळून दंगल झाली. त्याच वर्षी फेव्हिएलने कंत्राट सोडले. त्याच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आला, तो इकडे उतरल्यावर काही आठवड्यांतच आजारी पडून वारला. तेव्हा त्याची पत्नी ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट आपल्या नावावर चालू ठेवले, जाणते इंजिनियर हाताशी धरले आणि काम तडीस नेले. 1863च्या एप्रिलमध्ये घाट खुला झाला. ही बाई इंजिनियर नव्हती. पण योग्य माणूस योग्य जागी बसवावा आणि पैशाची वाट मोकळी ठेवावी, हे तिला कळले होते, आणि माझ्या मते या घाटाच्या इतिहासात तिचे स्थान बोगदे आखणाऱ्यांहून खाली नाही. कॉलऱ्याने किती मजूर दगावले, त्यांची नावे मात्र कोठे कोरलेली नाहीत.

गोष्ट येथे संपत नाही. 1867च्या जुलैत याच घाटातला महूकी मल्लीचा दगडी पूल कोसळला. चौकशीत निघाले काय, तर बांधकामच निकृष्ट. आखणी कागदावर कितीही चोख असो, दर्जी चुना टाकला की नुसती माती-कपची भरली हे पाहायला त्या जागी कोणीतरी उभे असावे लागते.

हा 'उभा राहणारा' माणूस तयार करण्याची सुरुवात त्याच सुमारास झाली होती. उत्तरेत गंगेचा कालवा खोदला जात होता. रुरकीजवळ सोलानी नदीवरून तो कालवा 50 फुटी 15 कमानींवरून न्यायचा, म्हणजे जाणती माणसे हवीत. म्हणून 1847 साली रुरकीला इंजिनियरिंग कॉलेज निघाले. आपल्याकडे 1854 साली पुण्यात 'पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' उघडले. हेतू मोठा नव्हता. सरकारी बांधकाम खात्याला हाताखालचे ओव्हरसियर हवे होते, एवढेच. 1866 साली ही शाळा मुंबई विद्यापीठाला जोडली गेली आणि तिचे कॉलेज झाले. पण वरच्या जागा कोणाकडे? त्यासाठी 1870 नंतर इंग्लंडात कूपर्स हिल येथे वेगळे कॉलेज काढण्यात आले, आणि हुकूम देणारा तेथून, हुकूम झेलणारा येथून, अशी वाटणी बरीच वर्षे चालली. आपल्याकडच्या पदवीधराला गणित शिकवले, पण कारभार शिकवला नाही, याचे एक कारण मला तरी येथे दिसते.

तरीही काहीजण कारभार कामावरच शिकले. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या पुण्याच्या याच कॉलेजातून पहिले आले आणि 1884 साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले. धुळ्याकडे पांझरेच्या खोऱ्यात पाण्याचा नळ नेण्याचे काम त्यांच्याकडे होते. पाऊस आला, पाया वाळूने भरला. पावसाळ्यानंतर करू, असे त्यांनी वरिष्ठांना कळवले, ते वरिष्ठांना रुचले नाही. मग त्यांनी ते काम त्याच हंगामात पुरे केले. पुढे खडकवासल्याच्या जलाशयावर आपोआप उघडणारे दरवाजे बसवून त्यांनी नाव मिळवले.

घाई मात्र नेहमीच अशी सुखरूप पार पडत नाही. 12 जुलै 1961 हा दिवस पुण्याचा जुना माणूस विसरलेला नाही. पानशेतचे मातीचे धरण त्या पावसाळ्यात पुरते तयार नव्हते, तरी पाणी अडले होते. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे होते, आणि तिच्या काँक्रीटमध्ये लोखंड हवे तसे नव्हते. धरण खचू लागले तेव्हा जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. सकाळी धरण फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटले, आणि नदीकाठचे पुणे वाहून गेले. मुदत, माल आणि निसर्ग यांचा मेळ कोणी घालायचा आणि 'थांबा' म्हणण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न तेथे होता. तो गणिताइतकाच कारभाराचाही आहे.

याच सुमारास अमेरिकेत कामाची आखणी करण्याच्या नव्या रीती निघाल्या होत्या. 1957च्या आसपास एका रसायन-कारखान्यासाठी जी रीत बसवली, तिचे तत्त्व आपल्या शाळेच्या खोलीवरूनच समजावतो. समजा, पायाला 8 दिवस, भिंतींना 20, छपराला 6. आणि तुळया शहरातून यायला 40 दिवस. भिंती झाल्यावर तुळया मागवाल तर 74 दिवस लागतील. पहिल्या दिवशी मागवाल तर 46. पाया आणि भिंती मिळून 28 दिवसांचे काम, तेव्हा गवंड्याला 12 दिवस सवड आहे. त्याला शिव्या देऊन एकही दिवस वाचणार नाही. तुळयांचा गाडीवान एक दिवस चुकला तर मात्र सारे काम एक दिवस मागे! कोणत्या कामावर मुदत टांगलेली आहे ते आधी शोधायचे, एवढेच ते तत्त्व. शिक्षकबंधूंनी फळ्यावर मांडून पाहावे, सातवीच्या मुलालाही कळेल.

पुढे आपल्या बांधकाम-धंद्यातल्या मंडळींनीच 1983 साली या विषयासाठी राष्ट्रीय संस्था काढली. 'निकमार' या नावाने ती ओळखली जाते आणि पुण्यात बाणेर-बालेवाडीच्या बाजूला तिचे मोठे आवार आहे. इंजिनियर किंवा आर्किटेक्ट होऊन आलेली मुले येथे कंत्राटाचा कायदा, अंदाजपत्रक, आखणी, माणसांची आणि मालाची व्यवस्था शिकतात. अन्यत्रही असे अभ्यासक्रम निघाले. तुमच्या गावचा मुलगा इंजिनियर झाला आणि 'आता आणखी दोन वर्षे कशाला?' असे घरी कोणी विचारले, तर त्याला बोरघाटातली ती 1859ची मजुरी सांगा.

एक मात्र मला या शिक्षणाबद्दल अजून खटकते. हिशेब शिकवतात, संगणक शिकवतात. पण वडार, बेलदार आणि नाक्यावरचा बिगारी यांच्याशी बोलावे कसे, हे मुलगा कामावर गेल्यावरच शिकतो, आणि ते शिकवणारा बहुधा एखादा कमी शिकलेला मुकादमच असतो. 1996 साली बांधकाम-मजुरांसाठी केंद्राचा कायदा झाला. नोंदणी, कल्याण-निधी, कामाच्या जागी पाणी आणि सुरक्षितता हे सारे त्यात होते. असा कायदा मजुराला कोण वाचून दाखवतो? आपल्या जिल्ह्यातून जी माणसे दिवाळीनंतर पुण्या-मुंबईच्या कामांवर जातात, त्यांच्यापैकी कितीजणांचे नाव त्या नोंदवहीत आहे, ते परतल्यावर एकदा विचारून पाहा.