कचेरीचा पोशाख आणि जोड्यांचा प्रश्न

कचेरीत कोणते कपडे घालावेत, हा प्रश्न वरवर पाहता शिंप्याचा वाटतो. कामगारांत वावरून, मिळेल ते पुस्तक चाळून शिकलेल्या माझ्यासारख्याला मात्र तो अधिकाराचा वाटतो. आपल्या भाषेने लेखणीवर जगणाऱ्याला 'पांढरपेशा' म्हटले. म्हणजे त्याची ओळख आधी कपड्याने झाली!

जुना दाखला घ्या. लॉर्ड डलहौसीच्या अमदानीत, १८५४ साली, सरकारने ठरविले की विलायती बूट-मोजे घालणाऱ्या हिंदी गृहस्थाने ते न काढता दरबारास यावे. देशी जोडेवाल्याने मात्र जोडे बाहेरच काढावेत. चामडे दोन्हीकडे सारखेच; फरक साहेबाच्या नजरेचा! पुढे १८६२ साली माणकजी कावसजी एन्टी या पारशी गृहस्थाने सुरतेच्या अदालतीत जोडे काढण्यास हरकत घेतली. १८९३ साली डर्बनच्या न्यायालयात गांधीजींना पगडी उतरविण्यास सांगितले, तेव्हा ते पगडीसह बाहेर पडले.

आपल्याकडे १८८८ साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सत्कारसमारंभास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात गेले. उलट १९२७ साली महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना नीटनेटके नेसण्याचा उपदेश केला. स्वतः ते सुटाबुटात वावरत. एकाने साधा वेष मुद्दाम घेतला, दुसऱ्याने चांगला वेष हक्काने घेतला. यात विरोध नाही. आपल्या अंगावर काय असावे, हे ठरविण्याचा अधिकार दोघांनीही आपल्या हाती घेतला.

आता आमच्या अनुभवाचे. एका कचेरीतील शिपायाला गणवेशाचा एकच जोड मिळाला होता. पावसाळ्यात तो रात्री धुऊन सकाळी ओलाच अंगावर चढवी. आणि मळका दिसला म्हणून मेमो त्यालाच! धुलाई भत्त्याची मागणी ऐकून हसणाऱ्यांनी तो ओला सदरा एक दिवस घालून पाहावा.

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून कर्मचाऱ्यांना जीन्स, टी-शर्ट व चपलांची मनाई केली आणि शुक्रवारी खादी वापरण्यास सांगितले. कचेरीत येणाऱ्या गरिबाचा मान राखावा, म्हणून स्वच्छ व नेटका पोशाख हवा, हे मलाही मान्य आहे. पण दोन अटी पाळाव्यात. जो पोशाख ठरवील, त्याने त्याच्या खर्चाचाही विचार करावा; आणि नियम साहेबाला व शिपायाला एकच असावा. नाहीतर १८५४ चा जोडा अजून दाराबाहेरच पडला आहे, असे समजा.