कुलाब्याचे आरसे आणि रीव्याची हमी

विल्यम अ‍ॅडम्स हा मुंबईतील एक इंग्रज सरकारी अधिकारी. सपाट आरशांच्या रांगा अर्धवर्तुळात मांडून त्यांवरील ऊन त्याने एका बाष्पपात्रावर एकवटले आणि त्या वाफेवर सुमारे अडीच अश्वशक्तीचे यंत्र चालविले. उष्ण देशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल, असे प्रतिपादन करणारा त्याचा ग्रंथ १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. हे काम त्याच्या कचेरीच्या कक्षेतले नव्हते, याचे आम्हा निवृत्त सरकारी माणसांना विशेष कौतुक वाटते. पुढे कोळसा स्वस्त राहिला आणि आरसे विस्मृतीत गेले.

या विचाराला शासकीय बळ मिळाले ते जानेवारी २०१० मध्ये. त्या वेळी जाहीर झालेल्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय सौर अभियानाने २०२२ पर्यंत २०,००० मेगावॅटचे लक्ष्य ठेवले, आणि २०१५ मध्ये ते एकदम एक लाखावर नेण्यात आले. त्याच वर्षाच्या ३० नोव्हेंबरला पॅरिस येथे भारत आणि फ्रान्स यांनी आंतरराष्ट्रीय सौर आघाडीची घोषणा केली. तिचे मुख्यालय गुरुग्रामला आले. समारंभ थाटाचे झाले. परंतु परदेशी सहकार्य प्रत्यक्षात कसे उतरते, हे समारंभांपेक्षा प्रकल्पांत शोधणे आम्हाला अधिक उचित वाटते.

धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ मध्ये उभा राहिला, तो जर्मनीच्या सरकारी विकास बँकेच्या कर्जावर. मध्य प्रदेशातील रीव्याची गोष्ट याहून निराळी आहे. गुढ तहसिलीत प्रत्येकी २५० मेगावॅटचे तीन भाग आखले गेले. जागतिक बँकेच्या समूहातील एका संस्थेने व्यवहाराचा सल्ला दिला, आणि उद्यानातील सामाईक सुविधांसाठी बँकेचे कर्ज मिळाले. फेब्रुवारी २०१७ मध्ये उलटा लिलाव सुरू झाला, तो सुमारे ३३ तास चालला. पहिल्या वर्षाचा दर युनिटला २ रुपये ९७ पैसे इतका खाली आला. अभियानाच्या आरंभी, २०१० च्या अखेरीस, हाच दर १२ रुपयांच्या आसपास होता.

जगभर पॅनेल स्वस्त झाली होती, हे या घसरणीचे मोठे कारण खरेच. पण गुंतवणूकदार खरोखर भीत होता तो ढगांना नव्हे, तर थकबाकीला. राज्यांच्या वीज मंडळांची बिले किती महिने पडून राहतात, हे सरकारी नोकरीत केस पिकलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. म्हणून रीव्यात आधी पतपत्र, त्यामागे स्वतंत्र निधी आणि त्याहीमागे राज्य शासनाची हमी, अशी तिहेरी व्यवस्था लेखी बांधून दिली गेली. वाहिनी उपलब्ध नसल्यामुळे वीज उचलली गेली नाही, तर त्याची भरपाई कशी द्यावयाची, हेही करारात आले. सुमारे चौथा हिस्सा दिल्ली मेट्रोने घेण्याचे मान्य केले. नियमित पैसे देणारे ते गिऱ्हाईक. आमच्या मते परदेशी कर्जापेक्षा ही कागदावरील शिस्त अधिक मोलाची होती, आणि तिच्यातही परदेशी सल्ल्याचा वाटा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. १० जुलै २०२० रोजी प्रकल्पाचे लोकार्पण झाले.

सहकार्याची दुसरी बाजू मात्र कडवट आहे. अभियानातील काही प्रकल्पांना देशी बनावटीचेच सौरघट वापरण्याची अट होती. अमेरिकेने २०१३ मध्ये तिच्याविरुद्ध जागतिक व्यापार संघटनेकडे धाव घेतली, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये अपिलातही भारत हरला. एकीकडे ‘सूर्य वापरा’ असा आग्रह, दुसरीकडे ‘यंत्रसामग्री मात्र स्वतःची वापरण्याची सक्ती करू नका’ असा निवाडा! भारतानेही मग अमेरिकेतील राज्यांच्या तशाच सवलतींवर तक्रार केली, आणि २०१९ मध्ये निकाल भारताच्या बाजूने लागला. तोवर आपल्या माळांवर चिनी पॅनेल पसरली होती. एप्रिल २०२२ पासून आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क बसविण्यात आले. परंतु कारखाने काही एका अधिसूचनेने उभे राहत नाहीत.

एक लाख मेगावॅटचा टप्पा अखेर जानेवारी २०२५ मध्ये ओलांडला गेला, ठरल्या मुदतीनंतर दोन वर्षांनी.